बसलेल्या माणसाकडे जायचा रस्ता

बुटांचं खोकं. आत बूट नाहीत, लसूण आहे.

लिंबाच्या झाडापाशी आलं की हसणं थांबवायचं.

"माणसं चालत नाहीत याचं कारण आळस नसतो." एका प्रस्तावातलं वाक्य. खाली कुणीतरी पेन्सिलनं रेघ ओढलेली.

रिकामी कळशी काखेत घेऊन बाई रस्त्यानं चालली तर तिला कुणी काही विचारत नाही. तीच बाई कळशीशिवाय चालली तर विचारतात.

कासुर्डीतल्या एका घरात खुंटीला टांगलेली पिशवी. पिशवीत पांढरी टोपी आणि उपरणं. घडी मोडलेली नाही.

अंगठ्यानं दाबलं की खड्डा पडतो. अंगठा काढला तरी खड्डा राहतो.

दुखवट्याच्या घरून निघताना 'येते' म्हणत नाहीत. आणि त्या घरचं माणूस पोचवायला उठत नाही.

पार्श्वभूमी

अनुपमाचं काम लोकांना चालायला लावायचं होतं. शिरूरमधल्या एका संस्थेत ती अशा कार्यक्रमांची आखणी करायची. कुठल्या गावात, कोणासाठी, कसं सुरू करायचं, आणि मुख्य म्हणजे सुरू केलेलं बंद का पडतं. पहिलं गाव तिनं आपलं माहेरच निवडलं होतं, केंदूर. कारण घरात होतं. तिची आई चालत नव्हती.

सोजराबाई एके काळी चालत होत्या. विहिरीवर, ओढ्यावर, शेतात भाकरी घेऊन. मग नळ ओट्याशी आला, दळण मोटारसायकलवरून यायला लागलं, रानात मजूर आले. बागायत वाढली तशी घरच्या बाईनं उन्हात जाणं घराण्याला कमीपणाचं झालं. सोजराबाई घरात राहिल्या आणि साखर वाढली, बीपी वाढलं, गुडघे धरले. डॉक्टरांनी रोज चाला म्हणून सांगितलं. अनुपमानं शिरूरहून पांढरे बूट आणले. आईनं ते पायात घालून पाहिले, आरशासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे घालून फिराय मी काय पोलीस हाय व्हय?"

बूट सुनेला गेले. खोक्यात लसूण गेला.

पहिला प्रयत्न

शाळेचं मैदान, सकाळची वेळ, शिट्टी वाजवणारा मास्तर, संस्थेच्या नावाच्या निळ्या टोप्या. सुरुवातीला मैदान भरलं. आठवडा संपायच्या आत मास्तर एकटाच शिट्टी वाजवत होता.

सोजराबाई एकदा आल्या होत्या. म्हणजे निघाल्या होत्या. पारावर बसलेल्या कोंडिबानं विचारलं, वहिनी, कुठं निघाला? त्या तिथूनच माघारी फिरल्या. संध्याकाळी अनुपमाचा फोन आला तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते अनुपमानं पुढं कित्येक बैठकांमध्ये सांगितलं.

"रानात चालले म्हणावं तर हातात इळा न्हाई. दळनाला म्हणावं तर डबा न्हाई. मग काय सांगू त्याला? चालाय चालले?"

प्रस्तावातलं ते पेन्सिलीच्या रेघेचं वाक्य यातून आलं. पुढं तिनं लिहिलं होतं की बाईला वेळ असतो, रस्ता असतो, पायही असतात. जायचं ठिकाण नसतं. ठिकाण असं हवं, की कुठं निघालीस या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर असेल आणि ते उत्तर कुणाला खोडता येणार नाही.

असं ठिकाण कुठलं, हे तिला सुचत नव्हतं. मंदिर म्हटलं तर ते गावातल्या बायांच्या घराजवळच. बाजार आठवड्यातून एकदा. गौतमी तिची सोबतीण, गावोगाव जाऊन साखर आणि बीपी तपासायचं काम तिच्याकडे. ती दौंडची. तिनं एकदा डबा खाताना सांगितलं, "माझ्या आईला मात्र हा कार्यक्रम दाखवू नकोस हं. ती रोज दुसऱ्याच्या रानात खुरपायला चालत जाते, चालत येते. तिच्यासाठी बसायचा कार्यक्रम आख."

दोघी हसल्या. अनुपमा थोडी उशिरा हसली.

घटना

श्रावण सरत आला होता. सोजराबाईंनी दुपारी चहा ठेवला, जरा पाठ टेकते म्हणाल्या, आणि दूध उतू जाऊन गॅस विझला तरी उठल्या नाहीत.

निरीक्षण

घर गावात नाही, माळावरच्या वस्तीवर. गावाच्या वेशीपासून ओढा ओलांडायचा, लिंबाचं झाड मागं टाकायचं, मग चढ. तिथंवर बाया यायला लागल्या. तिसऱ्या दिवशी सावडणं झालं आणि त्यानंतर तर रोज. अनुपमा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. दारातून तिला ओट्यावर घोंगडीवर बसलेले वडील दिसायचे आणि त्यांच्या पलीकडे चढावरून येणारी बायांची रांग.

वच्छलाबाई, जी मैदानावर दुसऱ्या दिवसापासून आली नव्हती. तिच्या मागं तिच्या दोन जावा, ज्या कधीच आल्या नव्हत्या. गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलेली एक. सगळ्या पायी. डोक्यावर पदर, हात रिकामे.

पारावर कोंडिबा असणारच. त्यानं कुणालाही काही विचारलं नव्हतं.

अनुपमाला हुंदका आला, आणि त्या हुंदक्यातच तिच्या डोक्यातलं दुसरं काहीतरी कामाला लागलं. तिनं ते थांबवायचा प्रयत्न केला. दहाव्यापर्यंत ते थांबलं नाही. तेराव्यापर्यंत ते पूर्ण झालं होतं.

आखणी

तिनं वच्छलाबाईला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं की भाऊ विक्रम रांजणगावला कंपनीत, बायकापोरांसकट तिकडंच राहतो, आबा इथं एकटे. संध्याकाळी रोज कुणीतरी येऊन बसलं तर बरं. जमलं तर चार जणी मिळून या. पायीच या, गाड्या नकोत, दुःखाच्या घरी बरं दिसत नाही.

वच्छलाबाईनं तिच्याकडं बराच वेळ बघितलं. वच्छलाबाई नात्यानं चुलत चुलती, आणि गावात कुणाच्या डोक्यात काय शिजतंय हे झाकण न काढता ओळखणारी.

"म्हंजी मारुतभाऊजींचं मन बी रमंल आन् आमची साखर बी उतरंल," ती म्हणाली. "हुशार हायेस. आईवानी न्हाई, आबांवानी."

मग तिनंच बाकीचं जमवलं. कुठल्या नवऱ्याची छाती आहे, दुःखाच्या घरी जाऊ नको म्हणायची, असं ती सांगत फिरली. चारच्या आठ झाल्या, आठच्या पुढं मोजायचं सोडून दिलं. सासूनं अडवलेल्या सुना आल्या. दहा वर्षं ओढ्यापलीकडं न गेलेली एक जण आली.

वाटेत त्या हसायच्या. कुणाची सून, कुणाचा जावई, कुणी नवीन गॅसची शेगडी घेतली. चढ लागण्याआधी लिंब होता. लिंबापाशी सगळ्या थांबायच्या, पदर डोक्यावरून घ्यायच्या, चेहरे उतरवायच्या. मग वर. दुःखाच्या घरी चहा घेत नाहीत, म्हणून गोड चहाही नाही. याचा विचार अनुपमानं केलाच नव्हता, तो आपोआप मिळाला.

वर मारुतराव, म्हणजे आबा, घोंगडीवर बसलेले असायचे. बाया बसल्या की ते सुरू करायचे. चहा ठेवला होता. जरा पाठ टेकते म्हणाली. मी गोठ्यात होतो.

पितृपक्षापर्यंत ते हे सांगताना रडायचे. नवरात्रापर्यंत थांबत थांबत सांगायचे. दिवाळीनंतर ते विसरायला लागले आणि बाया त्यांना आठवण करून द्यायला लागल्या.

"दूध वर आलं व्हतं तवा, न्हाई का भाऊजी?"

"व्हय. दूध वर आलं व्हतं."

"आन् तुमी गोठ्यात व्हता."

"मी गोठ्यात व्हतो."

मग बाया उठायच्या, काही न बोलता चपला घालायच्या. मारुतराव बसून राहायचे. चढ उतरून लिंबापाशी गेल्यावर हसण्याचा आवाज परत यायचा. तो वस्तीपर्यंत ऐकू येत होता.

मध्यावधी आढावा

साखर उतरली. बीपी उतरलं. गौतमीनं एका बाईची साखर मशीन बिघडलं असेल म्हणून परत तपासली. पुण्याहून संस्थेचे साहेब आले, वेशीवर उभं राहून चढावरची रांग पाहिली, फोटो काढले. गळती का नाही हे त्यांना समजत नव्हतं. अनुपमानं समजावलं. साहेबांनी आणखी एक फोटो काढला. मग त्यांनी विचारलं की बाकीच्या गावांतही असं एखादं घर शोधता येईल का.

अनुपमानं पुढच्या प्रस्तावात 'दुखवट्याचं घर' असं लिहिलं नाही. 'समाजमान्य गंतव्यस्थान' असं लिहिलं.

एक फोन, जो आढाव्यात नाही

कासुर्डीहून शंकररावांचा. शंकरराव म्हणजे मामा, सोजराबाईंचा धाकटा भाऊ. तेव्हा आई जाऊन सवा महिना झाला होता. दुखवटा काढायला हवा होता. म्हणजे सासरवाडीच्या माणसांनी यायचं, विधुराच्या डोक्यावर नवी टोपी ठेवायची, खांद्यावर उपरणं टाकायचं, गोड जेवू घालायचं आणि त्याला चालत देवाला नेऊन आणायचं. की मग दुःखाचं घर हे पुन्हा साधं घर होतं. लोक येतात तर चहा पितात, आणि यायचं कारण उरत नाही.

मामांनी दसऱ्याच्या आधीचा दिवस काढला होता. टोपी, उपरणं आणून ठेवलं होतं.

अनुपमा म्हणाली, आबांचं मन अजून तयार नाही. वर्षश्राद्धालाच काढू. मामा कुरकुरले, इतकं लांबवत नसतात म्हणाले. विक्रमला विचारलं तर त्याला तशीही रजा नव्हती. पिशवी खुंटीला राहिली.

आबांना कुणी विचारलं नव्हतं. अनुपमानं फक्त कळवलं होतं: आबा, वर्षाला काढू. ते बरं म्हणाले होते.

अपेक्षित नसलेले परिणाम

माघात गौतमी बायांबरोबर वस्तीवर गेली. बायांना ओट्यावरच तपासून घेऊ म्हणून. सगळ्यांचं झालं आणि ती मशीन आवरत होती. मारुतरावांचं धोतर पोटरीपर्यंत सरकलं होतं. तिनं विचारून त्यांच्या घोट्याजवळ अंगठा दाबला आणि काढला.

शिरूरला परतल्यावर ती अनुपमाला म्हणाली, "पाय सुजलेत. मांड्या बघितल्यास? काठीसारख्या झाल्यात. ते उठत नाहीत अनू. दिवसभर बसतात, आणि संध्याकाळी बाया येणार म्हणून बसतात."

अनुपमा म्हणाली की वय झालंय, आई गेल्यापासून मन लागत नाही.

"कार्यक्रमात सगळ्यांना तपासतो आपण. ते कार्यक्रमात नाहीत का?"

अनुपमानं पुढ्यातलं वेळापत्रक उघडलं. मार्चअखेर शेवटची तपासणी होती. त्यावर पुढची गावं ठरणार होती. तोवर असंच चालू दे, नंतर बघू, असं ती बोलली नाही, पण गौतमीला ते ऐकू आलं. गौतमी त्या दिवशी एकटीच दौंडची गाडी धरून निघाली.

क्षेत्रभेट

होळीच्या आधीच्या रविवारी अनुपमा न कळवता वस्तीवर गेली. भर दुपार. ओटा रिकामा होता, घोंगडीवर बसलेल्या माणसाचा खोलगटपणा तेवढा उमटलेला. आबा घराच्या मागच्या बाजूला होते. संडासापासून भिंतीला दोन्ही हात लावून येत होते. एक पाय पुढं, मग थांबायचं, मग दुसरा पाय त्याच्या बरोबरीला. भिंत संपली तिथं ते थांबले, कारण पुढं ओट्यापर्यंत धरायला काही नव्हतं. त्यांनी खाली बसून घेतलं आणि बाकीचं अंतर बसल्याबसल्या सरकत कापलं.

ती कोपऱ्यावर उभी होती. तिला ते सगळं पुरं होईपर्यंत पुढं जाता आलं नाही.

मग तिनं त्यांना घोंगडीवर बसवलं, पाणी दिलं. म्हणाली की आज बाया आल्या की तुम्ही त्यांच्याबरोबर निघा. लिंबापर्यंत. मी धरते.

"दुःखाच्या घरचा मानूस सोडाय जात नसतो," आबा म्हणाले. "लोकांच्या मागं दुःख जातं मग."

"मग दुखवटाच काढू आबा. मामांना आजच फोन करते."

"आन् तुझ्या कामाचं?"

तिनं हातात घेतलेला फोन खाली ठेवला.

"वच्छला म्हणली, बाया येत्यात त्यात तुझं काम हाय. मोठ्ठं काम हाय म्हणली, पुन्यास्नं सायेब आलता." त्यांनी धोतराचा सोगा पायावर ओढला, सूज झाकली. "तू म्हणली वर्षाला काढू. मग वरीसभर बसतो. माझं काय, मला बसायचंच काम."

गोठा रिकामा होता. गाई चुलत्याकडं गेल्या होत्या, आई गेल्याच्या महिन्यातच, एकट्या माणसाला झेपत नाही म्हणून. तेही अनुपमानंच ठरवलं होतं. आता तिच्या ध्यानात आलं की सकाळी दुधाचं कॅन घेऊन डेअरीपर्यंत जाणं, हे आबांचं ठिकाण होतं. त्यांना कुणी कुठं निघालात म्हणून विचारत नव्हतं.

पाच वाजता लिंबापाशी हसणं थांबलं. आबा ताठ बसले.

समारोप

मामा पुढच्या बुधवारी आले. खुंटीवरची पिशवी, पुरणपोळ्यांचा डबा, पाचपंचवीस पाहुणे. बाया सगळ्या आल्या. वच्छलाबाईनं ओटा सारवून घेतला होता, घोंगडी उचलून आत टाकली होती. मामांनी टोपी ठेवली, उपरणं टाकलं. तोंडात पुरणपोळीचा घास दिला. आबांनी तो बराच वेळ चावला.

"उठा दाजी," मामा म्हणाले. "चला देवाला."

आबांनी डावा हात जमिनीवर टेकवला. मग उजवा. खांदे वर आले, टोपी थोडी कलली. पाय कुणाचे दुसऱ्याचेच असावेत तसे राहिले. त्यांनी मामांकडं बघून थोडं हसल्यासारखं केलं, एखाद्याकडून हातातली वाटी सांडावी आणि त्यानं समोरच्याकडं बघावं तसं. पुन्हा हात टेकवले.

तिसऱ्या वेळेला मामांनी आणि विक्रमनं त्यांना काखेत हात घालून उचललं आणि विक्रमच्या गाडीत बसवलं. गाडी सावकाश चढ उतरली. मागून सगळ्या बाया चालत. लिंबापाशी आज कुणी हसली नाही. देवळाची पायरी चढवायची कुणी सुचवली नाही. गाडीची काच खाली करून आबांनी रस्त्यावरूनच हात जोडले.

पारावरून कोंडिबा उठून आला. गाडीच्या खिडकीशी वाकून म्हणाला, झालं ना आता सगळं? झालं, आबा म्हणाले.

निघताना वच्छलाबाई अनुपमाला म्हणाली, "येते गं." आता म्हणता येत होतं.

ती परत आली नाही. त्यात तिचा दोष काढण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती पदर घेऊन घरातून निघाली तेव्हा नवऱ्यानं विचारलं, आता कशाला? तिच्याकडं उत्तर नव्हतं. ती आत गेली. तिच्या जावाही आत गेल्या. अनुपमानं एकेकीला फोन केला. सगळ्या गोड बोलल्या. वच्छलाबाईनं नातवाबरोबर मोटारसायकलवरून आबांना थालीपीठ पाठवलं.

मार्चअखेरची तपासणी वेळेवर झाली. आकडे चांगले होते. महिनाभरात ते एवढे बिघडत नाहीत. पुढची गावं मंजूर झाली. प्रस्तावातला 'समाजमान्य गंतव्यस्थान' हा शब्द काढून टाकावा, असं पत्र अनुपमानं दिलं. साहेबांनी विचारलं, त्याजागी काय घालायचं? शब्द राहिला.

पाठपुरावा

आता ती दर रविवारी जाते. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलेलं सगळं करवून घेते. टाच वर, टाच खाली. गुडघा सरळ, मोजा आबा, पुन्हा वाकवा. आबा ऐकतात. टोपी डोक्यावर असते. घरातही काढत नाहीत. ओट्यापासून गोठ्यापर्यंत तिनं लोखंडी नळी ठोकून घेतली आहे, धरून चालायला. नळी चकाकते, कारण तिला फारसा हात लागत नाही.

परवा तिनं त्यांना उभं केलं. दोन्ही हातांनी त्यांचे दोन्ही हात धरले, तोंड त्यांच्याकडं करून ती स्वतः मागं सरकत गेली, लहान मुलाला चालवतात तशी.

"एक पाऊल टाका आबा."

आबांनी तिच्या खांद्यावरून पलीकडं बघितलं. रिकामा गोठा, चढ, लिंब.

"टाकतो," ते म्हणाले. "जायाचं कुठं, तेवढं सांग आधी."

त्यांचे हात धरून ती तशीच उभी राहिली. थोड्या वेळानं ते थकले, म्हणून तिनं त्यांना बसवलं. पाच वाजले तेव्हा आबांनी टोपी नीट केली आणि धोतर पायांवर ओढून घेतलं. चढावर कुणी नव्हतं.

सोजराबाई गेल्या त्याच्या आदल्या दिवशी, एसटी चुकली म्हणून, मारुतराव त्यांच्या गोळ्या आणायला पायी पाबळला गेले होते आणि दिवस मावळायच्या आत पायीच परत आले होते.